तारेवरचे पांघरूण

देवबाग हे गाव वाळूच्या एका चिंचोळ्या पट्टीवर वसलेले आहे. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला कर्लीची खाडी. वारा कोठूनही येवो, खार घेऊनच येतो. दाराच्या कडीला गंज चढला तर तो डोळ्यांना दिसतो. पण विहिरीवरच्या पंपाच्या मोटरीत शिरून तोच खारा ओलावा काय करतो, ते दिसत नाही. पावसाळाभर मोटर पडून राहते. पुढे माडांना पाणी द्यायचे म्हणून कोणी बटण दाबते आणि मोटर जळते. अर्थिंग धड नसेल, तर ओल्या पायांनी मोटरीला हात लावणाऱ्याच्या जिवावरच बेतते. ही न दिसणारी गोष्ट तपासायला माणूस कसा शिकला, ते आज सांगायचे आहे. इतिहासाच्या मास्तराने मोटरीत हात का घालावा, असे कोणी म्हणेल. पण तहांच्या तारखांपेक्षा हा इतिहास तुमच्या विहिरीला जवळचा आहे.

मोटरीचा जो भाग फिरत नाही, तो स्टेटर. त्याच्या खाचांत तांब्याच्या तारेची वेटोळी, म्हणजे कॉइली, बसवलेल्या असतात. तांबे लोखंडाला टेकले की कारभार आटोपला. म्हणून मध्ये वीज अडवणारे पांघरूण हवे. आरंभी सूत, कागद, रेशीम, जे हाताशी होते ते वार्निशात बुडवून वापरीत. मोठ्या यंत्रांना ते पुरेना. तेव्हा १८९०च्या दशकात अभ्रकाचे पापुद्रे लाखेने चिकटवून वापरण्याची रीत निघाली. गंमत पाहा, नामांकित अभ्रक आजच्या झारखंडातल्या कोडरम्याचे, आणि लाखही आपल्याच रानांतल्या पळस-कुसुमांवरची! दोन्ही जिन्नस बोटीत बसून विलायतेस जात. खोपोलीचे टाटांचे वीजघर १९१५ साली मुंबईला वीज देऊ लागले, त्या काळी मोठ्या जनित्रांना अभ्रक-लाखेचे वेष्टण रूढ झाले होते.

पण वेष्टण चांगले की वाईट, हे ओळखावे कसे? इंग्लंडात सिडनी एव्हरशेड याने १८८९ साली यासाठी हातात नेता येईल असे साधन काढले. १९०३ साली ‘मेगर’ हे त्याचे नाव नोंदले गेले, आणि आज आपल्याकडचा वायरमनही तेच नाव घेतो. कृती सोपी आहे. मोटरीची वीज तोडायची, मेगरची एक तार वेटोळ्याला, दुसरी मोटरीच्या बॉडीला लावायची. दांडा फिरवला की ५०० व्होल्टचा दाब पडतो आणि काटा किती मेगओहम रोध आहे ते दाखवतो.

एव्हरशेडचे खरे काम मला यापुढचे वाटते. १९१३ साली त्याने लंडनच्या वीज अभियंत्यांपुढे एक निबंध मांडला. दमट सुतावर विजेचा दाब वाढवला की त्याचा रोध उतरतो, असे त्याला आढळले होते. असे का व्हावे? सुताच्या केसासारख्या बारीक पोकळ्यांत पाणी तुटक तुटक अडकलेले असते. दाब वाढला की ते पोकळीच्या भिंतीवर पातळ पसरते आणि विजेला वाट करून देते, असा त्याने उलगडा केला. म्हणजे मेगरचा काटा बव्हंशी पाण्याचीच खबर देतो. त्या पाण्यात मीठ मिसळले, की ही वाट किती सोपी होत असेल, ते देवबागकरांना वेगळे सांगायला नको.

पुढे काळाचाही हिशोब आला. नवा कोरा माठ भरला तर सुरुवातीला तो पाणी पितो, मग पिणे कमी होते. तडा गेलेला माठ मात्र सारखा गळतो. कॉइलीचे तसेच आहे. कोरडे वेष्टण आरंभी थोडी वीज शोषते, मग शोषण मंदावते आणि काटा चढत जातो. ओले वेष्टण गळतच राहते, काटा जागचा हलत नाही. म्हणून मोठ्या यंत्रांत दहाव्या मिनिटाचा आकडा पहिल्या मिनिटाच्या आकड्याने भागतात. उत्तर २ किंवा अधिक आले तर ठीक. १ च्या आसपास घोटाळले, तर ओल किंवा मळ आहे असे समजावे.

याने सगळेच कळते असे नाही. वेष्टण कोरडे असूनही आत पोकळ्या पडलेल्या असतील, तर मेगर गप्प बसतो. त्यासाठी १९२० साली जर्मनीत शेरिंगने मांडलेला ‘ब्रिज’ कामी आला. दाब वाढवताना वेष्टणात वाया जाणारी वीज एकाएकी जास्त प्रमाणात वाढू लागली, तर पोकळ्यांत ठिणग्या पडत आहेत असे ताडता येते. कोयनेसारख्या वीजघरांतल्या मोठ्या यंत्रांना ही परीक्षा लागते. विहिरीवरच्या मोटरीला नाही.

विहिरीवरच्या मोटरीला एका मिनिटाचा आकडा बस्स आहे. आकडा ५ मेगओहमच्या खाली असेल तर मोटर चालवू नये, वायंडरकडे न्यावी. नुसते उन्हात ठेवून भागत नाही. पाणी उडते, मीठ राहते, आणि दमट रात्री ते पुन्हा ओल ओढून घेते. वायंडर आधी गोड्या पाण्याने खार धुतो, मग मंद आचेवर सुकवतो आणि वार्निश देतो. आकडा टिपताना मोटर गार होती की तापलेली, तेही लिहावे, कारण दर दहा अंशांच्या उष्णतेमागे रोध सुमारे निम्मा होतो. गेल्या वर्षी ८० होता आणि यंदा त्याच महिन्यात, तशाच हवेत १२ आला, तर मोटर अजून सुरळीत चालत असली तरी ती खोलून पाहायची वेळ झाली आहे.