सृष्टीची निर्मिती : श्रद्धा आणि विज्ञान

चंद्रपूर व गडचिरोली या अरण्यमय जिल्ह्यांची भूमी अतिप्राचीन आहे. सिरोंचा तालुक्यातील प्राणहिता नदीकाठच्या कोटा गावावरून तेथील खडकांना भूशास्त्रात 'कोटा' हेच नाव मिळाले आहे. जुरासिक काळातील, म्हणजे सुमारे पंधरा कोटी वर्षांहून जुने मासे, वृक्ष व डायनासोर यांचे जीवाश्म या खडकांत आढळतात. नदीपलीकडे, आताच्या तेलंगणात सापडलेल्या 'बारापासोरस' या महाकाय डायनासोरचे नामकरण १९७५ साली झाले. बल्लारपूर परिसरातील दगडी कोळसा तर याहूनही जुना आहे. मग देवाने सहा दिवसांत सृष्टी निर्माण केली, हे उत्पत्तीच्या पुस्तकातील वचन कसे समजून घ्यावे?

मिशनरी संशोधक

हा प्रश्न आपल्या प्रदेशाला नवा नाही. नागपूरचे स्कॉटिश प्रोटेस्टंट मिशनरी रेव्ह. स्टीफन हिस्लॉप (१८१७-१८६३) यांनी सुवार्ताप्रसार करीत असतानाच येथील खडक व जीवाश्मांचा अभ्यास केला. त्यांनी व त्यांचे सहकारी रेव्ह. रॉबर्ट हंटर यांनी मांगली येथून मिळविलेल्या एका प्राचीन उभयचर प्राण्याच्या कवटीचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८५५ साली प्रसिद्ध केले.

ख्रिस्तसभेची शिकवण

पवित्र शास्त्र सृष्टिकर्त्याचे कार्य सहा दिवसांच्या रूपाने प्रतीकात्मक रीतीने मांडते, असे कॅथलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ (परिच्छेद ३३७) सांगतो. उत्पत्तीचे वचन सृष्टी कोणाची आणि कशासाठी, हे शिकविते. ती कोणत्या क्रमाने व किती काळात घडली, याचा शोध विज्ञान घेते. ख्रिस्ती माणसाने निसर्गाविषयी अज्ञानाने बोलून पवित्र शास्त्राला उपहासाचा विषय करू नये, असा इशारा संत ऑगस्टीन यांनी पाचव्या शतकातच दिला होता. उत्क्रांती हा केवळ तर्क राहिलेला नाही, असे पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९६ साली म्हटले. मात्र मानवी आत्मा प्रत्यक्ष देवच निर्माण करतो, ही शिकवणही त्यांनी पुन्हा स्पष्ट केली.

महास्फोट व एक धर्मगुरू

विश्व सुमारे १,३८० कोटी वर्षांचे आहे, असे आज मानले जाते. विश्वाचा आरंभ एका 'आद्य अणू'पासून झाला, ही कल्पना १९३१ साली मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते. पोप बारावे पायस यांनी १९५१ साली अशा संशोधनाचा संबंध देवाच्या निर्मितिकार्याशी जोडला. लमेत्र यांची भूमिका अधिक सावध होती : हा सिद्धांत धर्मश्रद्धेचा पुरावा म्हणून वापरू नये. विज्ञानाचे सिद्धांत बदलू शकतात; त्यांवर श्रद्धा उभी केल्यास तीही डळमळते.

पालक व धर्मशिक्षकांसाठी

शाळेत उत्क्रांती शिकणाऱ्या मुलाला 'असे विचारू नये' म्हणून गप्प केले, तर श्रद्धा आणि सत्य यांतून एकाची निवड करावी लागते, असा त्याचा समज होतो. अशा वेळी त्याला सिरोंचा तालुक्यातील वडधम जीवाश्म उद्यान अवश्य दाखवावे. तेथील अश्मीभूत वृक्षांचे वय त्याला निःसंकोच सांगावे, आणि त्या वृक्षांचाही निर्माता तोच परमेश्वर आहे, ही आपली श्रद्धाही त्याच्यापुढे मांडावी.