किटमधली मोटार आणि कारागिराचा हात

जुन्या अभिजात मोटारींच्या प्लास्टिक किटला हाताने घडवलेले बारकावे जोडण्याची रीत बहुतेकांना निव्वळ सजावट वाटते. डब्यातले भाग चिकटवले की गाडी उभी राहतेच; मग बॉनेटखाली केसाएवढ्या वायरी ओढणे, आसनांवर पातळ केलेले खरे कातडे चढवणे, चाकांचे आरे एकेक करून ओवणे हा रिकामपणाचा उद्योग, असा समज आहे. या रीतीच्या इतिहासापुढे तो टिकत नाही. मूळ गाड्या ज्या पद्धतीने घडल्या ती पद्धत कारखान्याच्या साच्यात मावणारी नव्हतीच, आणि प्रतिकृतीत ती आणायची तर हाताला पर्याय नव्हता, असे माझे म्हणणे आहे.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात उंची मोटार ही एका कारखान्यातून तयार होऊन येणारी वस्तू नव्हती. रोल्स-रॉइस कंपनी इंजिनासह चासी देई. तिच्यावरची बॉडी गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कोचबिल्डरकडून बांधून घेई. ॲश झाडाच्या लाकडाचा सांगाडा, त्यावर हातोडीने ठोकून वळवलेला पत्रा, आत सुताराचे आणि गादीवाल्याचे काम. अमेरिकेतल्या ड्यूसेनबर्गचेही तसेच. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांनी १९३०च्या दशकात घेतलेल्या ड्यूसेनबर्ग एसजेची चासी अमेरिकेची, पण बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगने बांधलेली, रंग केशरी आणि काळा. तिच्यासारखी दुसरी नाही. मोनोग्रॅम या अमेरिकी कंपनीने १:२४ प्रमाणात एसजे फेटनचे किट काढले, ते चांगलेही आहे. पण त्यातून होळकरांची गाडी करायची असेल तर दारांपासून मागच्या उतारापर्यंतची बॉडी नव्याने घडवावी लागेल. साचा एकाच आकाराच्या हजारो प्रती काढण्यासाठी असतो. जिथे मूळ गाडीच एकुलती एक आहे, तिथे हाताने केलेला बदल इतिहासाला धरून आहे आणि डब्यातला तयार आकार त्यापासून दूर आहे.

साच्याच्या मर्यादा साध्या हिशेबाने दिसतात. १९५०च्या दशकाच्या आरंभी रेव्हेलच्या ‘हायवे पायोनियर्स’ मालिकेने जुन्या मोटारींची प्लास्टिक किटे घरोघरी नेली, आणि १९५८पासून एएमटीच्या १:२५ प्रमाणातल्या किटांनी त्यांचा मोठा बाजार उभा केला. वितळलेले प्लास्टिक पोलादी साच्याच्या कानाकोपऱ्यांत पोचायचे तर भिंतीला काही जाडी लागतेच. ती मिलिमीटरभर धरली, तर १:२४ प्रमाणात तिचा अर्थ २४ मिलिमीटर जाडीचा पत्रा. खरा पत्रा असतो जेमतेम एक मिलिमीटरचा. खऱ्या चाकाचा ४-५ मिलिमीटरचा आरा या प्रमाणात ०.२ मिलिमीटरच्या आसपास यायला हवा. साच्यातून येतो तो याच्या दुपटी-तिपटीने जाड. शिवाय साच्याचे दोन भाग सरळ उघडले पाहिजेत, म्हणून दाराची मूठ बॉडीलाच चिकटून येते आणि तिच्यामागे बोट जाईल अशी पोकळी राहत नाही. चकाकीचेही तसेच. किटमधल्या चमकत्या भागांवर ॲल्युमिनियमचा अतिपातळ थर असतो आणि तो क्रोमसारखा दिसतो. मोटारींवर क्रोम सर्रास आले ते १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात. त्याआधीच्या गाड्यांवर पितळ किंवा निकेल होते. १९१०ची गाडी क्रोमने लखलखत असेल तर ते सरळ चूक आहे, आणि तो थर उतरवून निकेलची किंचित पिवळसर झाक देणारा कारागीर इतिहास दुरुस्त करत असतो.

यावर कोणी म्हणेल की किट आधी आले आणि त्याला सजवण्याची हौस मागाहून. क्रम उलटा आहे. १९३० साली जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने ‘क्राफ्ट्समन्स गिल्ड’ ही मुलांची स्पर्धा सुरू केली. नेपोलियनच्या काळातल्या शाही बग्गीची प्रतिकृती करायची. आराखडे मिळत, पण लाकूड कोरणे, धातू घडवणे, आतली गादी शिवणे हे मुलानेच करायचे. पुढे स्वतः आखलेल्या मोटारींची मॉडेले आली आणि १९६८पर्यंत ही स्पर्धा चालली. तिचे एक विजेते चक जॉर्डन पुढे जनरल मोटर्सच्या डिझाइन विभागाचे प्रमुख झाले. ब्रिटनमध्ये जेराल्ड विंग्रोव्ह यांनी १:१५ प्रमाणात अभिजात मोटारी जवळजवळ पूर्णपणे हाताने घडवल्या आणि आपली पद्धत पुस्तकांतून इतरांसाठी उघड केली. इटलीतल्या पोचेरची १:८ किटे हा याला अपवाद वाटेल, कारण त्यांत धातूच्या तारा, स्क्रू, रबर सगळे डब्यातच येई. पण त्यांची चाकेही आरा-आरा ओवूनच उभी करावी लागत. कंपनीने साहित्य पुरवले, काम मात्र हातालाच करावे लागले.

आता रसायनाने कोरलेले धातूचे पातळ भाग आणि त्रिमिती छपाईचे सुटे भाग विकत मिळतात, तेव्हा हाताची गरज संपली, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. हे भाग बारीक असतात आणि ते वापरण्यात गैर काही नाही. पण विकत घेतलेल्या भागात दुसऱ्या कोणीतरी ठरवलेली एक विशिष्ट गाडी असते. आपल्यासमोरच्या गाडीला तो लागू आहे का, हे तपासायचे राहतेच. दुसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो: हौसेने जोडलेले बारकावे खोटेही असू शकतात. हे खरे आहे, आणि असे खोटे बारकावे असलेली मॉडेले पुष्कळ आहेत. रोल्स-रॉइस फँटम टूच्या इंजिनात सहा सिलिंडर होते, पण मॅग्नेटो आणि कॉइल अशा दोन स्वतंत्र व्यवस्थांमुळे प्लग बारा. तिथे सहाच वायरी ओढणाऱ्याचे काम कितीही सफाईदार असले तरी चूक आहे. मात्र ही चूक किट जसेच्या तसे जोडणाऱ्याच्या वाट्याला येत नाही ती केवळ त्याने वायरींचा प्रश्नच विचारलेला नसतो म्हणून. हाताने काम करणाऱ्याला तो विचारावा लागतो, आणि उत्तरासाठी त्या काळची दुरुस्ती-पुस्तिका, जुनी छायाचित्रे, संग्रहालयातले उघडे बॉनेट यांच्याकडे जावे लागते.