एका मापाचा दगड

चेन्नईच्या पेरुंगुडीतल्या काचेच्या आयटी इमारती मागे टाकून, गिंडी ओलांडून माउंट-पूनमल्ली रस्त्याला लागलं की नंदंबाक्कमला मद्रास वॉर सिमेट्री येते. दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांच्या कबरी दक्षिण आणि पूर्व भारतातल्या कितीतरी छावण्यांत, गावांत विखुरल्या होत्या. तिथे त्या कायम राखता येतील याची खात्री नव्हती, म्हणून 1952 साली ही जागा केली. साडेआठशेंवर सैनिक इथे आहेत. आपली खडकीची सिमेट्रीही याच घडणीची. सगळे दगड एकाच मापाचे, कुणाचा हुद्दा मोठा, हे दगड वाचल्याशिवाय कळत नाही.

हे मुद्दाम ठरवलेलं आहे. 1914 मध्ये रेडक्रॉसच्या पथकाबरोबर फ्रान्सला गेलेले फेबियन वेअर कबरींच्या नोंदी ठेवू लागले आणि त्यातून 1917 मध्ये इम्पीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशन उभं राहिलं. मृतदेह मायदेशी न्यायला बंदी होती. नाहीतर पैसेवाल्यांचीच मुलं घरी परतली असती. ब्रिटिश म्युझियमचे संचालक फ्रेडरिक केनयन यांनी 1918 च्या अहवालात दगडालाही हाच न्याय लावला. जनरल असो की शिपाई, उंची साधारण 81 सेंटिमीटर, रुंदी 38. माथ्याला किंचित बाक, म्हणजे पाणी साचत नाही. तळाशी घरच्यांच्या शब्दांसाठी 66 अक्षरांची जागा. आपल्या मुलाच्या उशाशी क्रूसच हवा, असं म्हणत हजारो लोकांनी सह्या केल्या. मे 1920 मध्ये पार्लमेंटात कडाक्याचा वाद झाला, पण दगड एकसारखाच राहिला. त्या आईबापांचं दुःख मला कळतं, तरीही निर्णय योग्यच वाटतो.

तमिळ भूमीत वीराच्या स्मरणासाठी दगड रोवण्याची चाल फार जुनी. त्याला 'नडुकल' म्हणतात, म्हणजे रोवलेला दगड. दगड शोधणं, त्याला न्हाऊ घालणं, रोवणं, नैवेद्य दाखवणं, असे त्याचे विधी तोल्काप्पियममध्ये आले आहेत. आपला वीरगळ त्याचाच भाऊबंद. खालच्या चौकटीत झुंज, वर अप्सरा वीराला नेताहेत, माथ्याशी शिवलिंगाची पूजा. पराक्रम सगळा दिसतो, नाव मात्र बहुधा नसतं. नंदंबाक्कमला उलट. नाव, पलटण, तारीख आहे. तो कसा लढला याचं अक्षरही नाही.

पण ते नावही सगळ्यांच्या वाट्याला आलं नाही. पहिल्या महायुद्धात सहाव्या पुणे डिव्हिजनमधल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या, कूटच्या वेढ्यात उपाशी राहिल्या. तिथल्या मृतांसाठी 1929 मध्ये बसऱ्याला स्मारक झालं. ब्रिटिश शिपायांची नावं कोरली गेली. हिंदी सैनिकांत फक्त अधिकाऱ्यांची. 2021 मध्ये कमिशनने स्वतःच्या अहवालात हा भेद कबूल केला, माफी मागितली. बसऱ्याच्या दगडावर हिंदी शिपायांसाठी पलटणीचं नाव आहे आणि त्यापुढे आकडा.