गर्दीचा न्याय

फ्रिट्झ लांगच्या ‘एम’ या १९३१ सालच्या जर्मन चित्रपटात लहान मुलांचे खून करणारा हान्स बेकर्ट पोलिसांआधी शहरातल्या गुंडांच्या हाती लागतो. ओस पडलेल्या दारूच्या कारखान्यात ते त्याच्यावर खटला चालवतात. गर्दी धावून जाते, तोच पोलीस पोहोचतात.

मौद्यात बसून नागपूर जिल्ह्यातल्या गुन्ह्यांची टिपणं काढताना मला हा शेवट आठवतो, कारण आमच्याकडे तो उलटा घडला. खून, बलात्कार, खंडणीचे आरोप असलेला अक्कू यादव पोलिसांच्या ताब्यात असताना, १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या न्यायालयातच जमावाकडून मारला गेला. ‘आम्ही सगळ्यांनी मारलं,’ असं कस्तुरबा नगरच्या बायका सांगत राहिल्या. २०१४ साली आरोपी पुराव्याअभावी सुटले.

लांगच्या गुंडांना धंदा वाचवायचा होता. पोलिसांच्या धाडींनी तो बसला होता. या बायकांना लेकी वाचवायच्या होत्या. तक्रारी करूनही दाद मिळत नाही, हे त्यांचं म्हणणं होतं. म्हणून दोन्ही गर्दी मी एका मापानं मोजत नाही. पण न्यायालयात पडलेलं रक्त कायद्याच्या पराभवाचंच. त्या तक्रारींची वेळीच दखल घेतली असती, तर त्या दिवशी कोर्टात फक्त पुढची तारीख पडली असती.