सुलतानी वगळून

आईला तिची आरोग्य विम्याची पॉलिसी मराठीत समजावून सांगत होते. प्रतीक्षा काळ, खोलीभाड्याची मर्यादा वगैरे सांगून झाले आणि 'वगळलेल्या बाबी'पाशी आले. युद्ध, मग ते घोषित असो वा नसो. परकीय शत्रूची आगळीक, यादवी, बंड, बळकावलेली सत्ता, अटक, अडवणूक. पुढे अण्वस्त्रे, रासायनिक आणि जैविक हल्ले. आई म्हणाली, "म्हणजे अस्मानी देणार, सुलतानी देणार नाही."

तिने अगदी नेमके सांगितले होते. वीज पडून भाजले किंवा दरडीखाली पाय मोडला, तर इस्पितळाचा खर्च मिळतो. तोच पाय तोफगोळ्याने गेला तर मिळत नाही.

अस्मानी आणि सुलतानी हे दोन्ही शब्द आपल्याकडे फारसीच्या वाटेने आले. 'आस्मान' म्हणजे आभाळ. संस्कृतमधला 'अश्मन्', म्हणजे दगड, हा त्याचा सख्खा भाऊ. प्राचीन इराणी कल्पनेत आभाळ दगडाचे होते. गारपिटीत उभी ज्वारी झोपलेली ज्याने पाहिली आहे, त्याला ही कल्पना विचित्र वाटणार नाही. 'सुलतान' मूळचा अरबी, आणि त्याचा जुना अर्थ माणूस नव्हे तर सत्ता, अधिकार. त्या अधिकारावर बसणाऱ्याला सुलतान म्हणू लागले ते नंतर. म्हणून 'सुलतानी' म्हणजे एखाद्या दुष्ट राजाचा जुलूम एवढेच नाही. सत्तेच्या चालीखाली जे जे भरडले जाते ते सगळे तिच्यात येते.

या जोडीशेजारी मला 'पायमल्ली' हा शब्द ठेवावासा वाटतो. फारसी 'पायमाल', पायाखाली तुडवलेले. आज आपण तो हक्कांसाठी, नियमांसाठी वापरतो, पण शब्द आला आहे शेतातून. फौजेच्या घोड्यांनी आणि बैलांनी पीक तुडवले की ती पायमल्ली. अकबराच्या काळात फौजेच्या वाटेवरच्या शेतांची अशी हानी मोजून रयतेला भरपाई देण्याची रीत होती. प्रत्येक शेतकऱ्याच्या हाती ती पडली असेल असे मी म्हणत नाही. पण सुलतानीसाठी कागदावर देण्याचा रकाना होता, हे मला फार मोलाचे वाटते.

तसाच रकाना समुद्रावरच्या विम्यातही होता. लंडनच्या लॉइड्समध्ये १७७९ साली सागरी विम्याचा एक ठरावीक मसुदा पक्का झाला. जहाजावरच्या कोणत्या संकटांची भरपाई मिळेल याची त्यात यादी होती: समुद्र, युद्धनौका, आग, शत्रू, चाचे, चोर, आणि 'सर्व राजे, राजपुत्र व लोक' यांनी केलेली अटक, अडवणूक व रोखून ठेवणे. १९०६ च्या ब्रिटिश सागरी विमा कायद्याने या राजांचा अर्थही लावून दिला. ती अटक-अडवणूक ही राजकीय किंवा शासकीय कृती असली पाहिजे; दंगल किंवा न्यायालयाची नेहमीची कारवाई त्यात येत नाही. आमच्या आईच्या भाषेत, ती सुलतानी असली पाहिजे.

आता आपल्याकडची २०२० पासूनची 'आरोग्य संजीवनी' ही प्रमाणित पॉलिसी इंग्रजीत वाचा. युद्धाच्या कलमाच्या शेवटी अटक, अडवणूक, रोखून ठेवणे हीच तीन नावे हातात हात घालून उभी आहेत. मात्र 'ऑल किंग्ज'च्या जागी 'ऑल काइंड्स' आहे. सर्व राजे गेले, सर्व प्रकार आले. आणि जी यादी भरपाईच्या पानावर होती, ती वगळलेल्यांच्या पानावर गेली.

याचे कारण मला समजते. विमा चालतो तो हजारांतल्या दहांवर संकट येते म्हणून. युद्ध एकाच दिवशी हजारांवर येते. 'घोषित असो वा नसो' हे शब्दही उगाच नाहीत. १९९९ साली कारगिलमध्ये औपचारिक घोषणा न होताच लढाई झाली. पण कारण समजले म्हणून गोष्ट मान्य होतेच असे नाही. राजांची नावे गाळली की हे संकट कोणी आणले, हा प्रश्नच वाक्यातून निघून जातो. ते पुसणे मला खटकते.

अणुबॉम्ब तर अस्मानी आणि सुलतानी यांतली फारकतच मोडतो. हिरोशिमावर ६ ऑगस्ट १९४५ ला तो पडला आस्मानातून, पाठवला सुलतानाने. त्याच्या किरणोत्सर्गाने झालेले कर्करोग कित्येक वर्षांनी उघड झाले. 'किरणोत्सर्ग' या शब्दातला 'उत्सर्ग' म्हणजे बाहेर सोडणे. पण संस्कृत व्याकरणात उत्सर्ग म्हणजे सर्वसाधारण नियम, आणि तो जिथे लागू होत नाही तो अपवाद. विम्याचे संरक्षण हा उत्सर्ग. वगळलेल्या बाबी हे अपवाद. व्याकरणात अपवाद बलवान, तो नियमाला बाजूला सारतो. न्यायालयात मात्र तो आखडता वाचला जातो: अपवाद लागू होतो हे विमा कंपनीने सिद्ध करायचे, आणि शब्द संदिग्ध असेल तर अर्थ ग्राहकाच्या बाजूने लावायचा.

आईच्या पॉलिसीवर मी पेन्सिलीने मराठी मथळे लिहून दिले. युद्धाच्या कलमाजवळ 'युद्ध व युद्धसदृश घटना' लिहून खोडले, आणि 'सुलतानी' लिहिले.