सावित्रीवरची ती रात्र

मे २०१६
मुंबई-गोवा महामार्गावर महाड आणि पोलादपूरच्या मध्ये सावित्री नदीवर दोन पूल शेजारी-शेजारी उभे होते. एक अलीकडचा, दुसरा १९२८ चा, दगडी कमानींचा. मुंबईकडची वाहतूक जुन्यावरून जायची. मे महिन्यात त्याची तपासणी झाली आणि पूल वाहतुकीला योग्य ठरला. मला सगळ्यात जास्त खटकते ते हेच. मे महिन्यात नदी आटलेली असते. दगडी पुलाचा जीव त्याच्या पायात असतो, आणि पूर पायाखालची माती कशी खरवडतो हे पाणी चढल्यावरच कळते. त्या वेळी पाहायला कोणी असावे लागते.

२ ऑगस्ट, संध्याकाळ
महाबळेश्वरला धो-धो पाऊस. सावित्रीचा उगम तिथलाच, त्यामुळे वरचे पाणी काही तासांत महाडला पोचते. इकडे रत्नागिरी जिल्ह्यातून दोन एसटी निघालेल्या: जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली. चालक-वाहक धरून दोन्ही गाड्यांत मिळून २२ माणसे. गाडी कुठे आहे, हे त्या काळी दोनच गोष्टी सांगायच्या: स्थानकावरच्या वाहतूक नियंत्रकाची नोंद आणि वाहकाचा मोबाइल. दोन स्थानकांच्या मधल्या अंतरात गाडी आगाराच्या लेखी कुठेच नसायची.

रात्री १०
मुसळधार पाऊस, काळोख, कशेडी घाट. या वाटेने रात्री गाडी हाकणाऱ्याचे सगळे लक्ष समोरच्या दिव्यांच्या झोतात दिसेल तेवढ्या रस्त्यावर असते. नदी पुलाच्या कुठल्या दगडाला टेकली आहे, हे त्याला कोण सांगणार? पाणी मोजून पूल बंद करायचा आणि ते पोलादपूरच्या स्थानकाला कळवायचे, असा कुठलाही धागा त्या रात्री जोडलेला नव्हता.

रात्री ११.३० च्या सुमारास
पूल गेला. दोन्ही एसटी आणि काही खासगी वाहने नदीत गेली. मागून येणाऱ्याला पुढचा रस्ता तुटल्याचे कळायला काही मार्ग नव्हता.

पुलाजवळच्या गॅरेजात काम करणाऱ्या एका कामगाराने मोठा आवाज ऐकला. पुलावर गेलेली गाडी दिसेनाशी झालेली त्याने पाहिली. त्याने रस्त्यावर येऊन वाहने अडवली, पोलिसांपर्यंत खबर पोचवली. त्या अंधारात आणखी किती गाड्या वाचल्या याचा हिशेब कुणाकडे नाही. यंत्रणेने करायचे काम त्या रात्री एका माणसाच्या डोळ्यांनी आणि हाका मारण्याने झाले. आज आपण ज्याला मागोवा घेणारी प्रणाली म्हणतो, ती त्या रात्री महामार्गावर एवढीच होती.

मध्यरात्रीनंतर
आता प्रश्न होता, नेमके कोण बुडाले? दोन गाड्या पुढच्या स्थानकावर आल्या नाहीत आणि चालक-वाहकांचे फोन लागत नव्हते, एवढ्यावरून एसटीला अंदाज बांधावा लागला. एका खासगी तवेरा मोटारीची तर कुठल्याच स्थानकात नोंद असण्याचा प्रश्न नव्हता. ती बेपत्ता असल्याचे नातेवाइकांच्या चौकशीतून पुढे आले.

३ ऑगस्टच्या सकाळपासून
एनडीआरएफ, नौदल, तटरक्षक दलाची हेलिकॉप्टर. क्रेनला ३०० किलोचे लोहचुंबक बांधून गढूळ पाण्यात सोडले, कुठे लोखंड लागते का ते बघायला. एका बसचालकाचा मृतदेह शंभर किलोमीटरहून दूर, आंजर्ल्याच्या किनाऱ्याला लागला. बस मात्र पुलापासून काही शे मीटरवरच पडून होती, आणि तरीही पहिला सांगाडा हाती यायला आठवड्याहून जास्त दिवस गेले. चाळीसच्या आसपास माणसे गेली. काही जणांचे मृतदेह कधीच मिळाले नाहीत.

त्यानंतर
नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला, जून २०१७ मध्ये खुला झाला. ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्राने देशभरातल्या पुलांची नोंदवही करणारी प्रणाली सुरू केली. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना ठावठिकाणा सांगणारे यंत्र आणि आपत्कालीन बटण सक्तीचे झाले. एसटीच्या गाड्यांतही पुढे व्हीटीएस, म्हणजे गाडीचा मागोवा घेणारी प्रणाली आली. असेच अमेरिकेतल्या शिकागोतही घडले. तिथे फेब्रुवारी २०११ च्या हिमवादळात लेक शोअर ड्राइव्हवर शेकडो गाड्या रात्रभर अडकल्या होत्या. पुढच्याच वर्षी तिथल्या महापालिकेने बर्फ काढणारी वाहने नागरिकांना नकाशावर दिसतील अशी सोय केली. तिथेही आधी रस्ता ठप्प व्हावा लागला.

आमच्या परभणीत बर्फ पडत नाही, पण नद्या आहेत. वसमत रस्त्यावर राहटीला पूर्णा, गंगाखेडला गोदावरी, सेलूकडे दुधना. यातल्या कुठल्याही पुलावर पावसाळ्यात रात्री गाडी चढते तेव्हा तिचा ठिपका आता पडद्यावर दिसू शकतो. पण ठिपका दिसल्याने पूल वाचत नाही. नदीची पातळी पाटबंधारे खात्याकडे, पुलाचा कागद बांधकाम खात्याकडे आणि गाडीचा ठिपका एसटीकडे, अशी वाटणी राहिली तर चालकाला पुन्हा काहीच कळणार नाही. पाणी धोक्याच्या खुणेला टेकल्याबरोबर त्या वाटेवरच्या प्रत्येक गाडीच्या चालकाला इशारा गेला पाहिजे, आणि पुलाच्या दोन्ही तोंडांना आडवा बांबू टाकणारा माणूस पावसाळ्यातल्या प्रत्येक रात्री हजर असला पाहिजे, पगारावर.