मुसीच्या महापुराचा धडा
२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद उद्ध्वस्त केले. हजारो माणसे प्राणास मुकली. अफझलगंज भागातील एका चिंचेच्या आश्रयाने सुमारे १५० जण बचावले, असे सांगतात. पुढच्याच वर्षी निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना पाचारण केले. पुराचे पाणी शहराच्या वरच्या अंगालाच अडवावे, हा त्यांच्या योजनेचा गाभा होता. त्यातूनच मुसीवर उस्मानसागर (१९२०) आणि तिच्या उपनदीवर हिमायतसागर (१९२७) उभे राहिले. तरीही ऑक्टोबर २०२० मधील अतिवृष्टीत अनेक वस्त्या बुडाल्या. कारण दरम्यान कितीतरी तळी आणि नाले बांधकामांनी गिळले होते. धरणे आपल्याला वारशाने लाभली. पाण्याच्या वाटा मोकळ्या राखण्याचे कर्तव्य मात्र प्रत्येक पिढीला नव्याने पार पाडावे लागते.